सायकल कुठे वाजते, ते आधी शोधा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

३ जूनच्या जागतिक सायकल दिनाला आपल्या दैनिकात रॅलीचे फोटो आले, डॉक्टरांचे सल्ले आले, पेट्रोल किती वाचेल त्याचा हिशेबही आला. वाचून बरं वाटलं. पण सायकल घेतलेला माणूस ती सोडून का देतो, हे दरवर्षीप्रमाणे यंदाही कुणी लिहिलं नाही. चढ, ऊन, रहदारी ही कारणं आहेतच. माझ्या पाहण्यात त्याहून मोठं कारण हे की सायकल वाजायला लागते. पायडल मारलं की करकर. माणूस चार दिवस सोसतो, मग दुकानात नेतो. तिथे वरून तेल सोडतात, आठवडाभरात आवाज पुन्हा सुरू. दुसऱ्यांदा गेलं की चेन, फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र), बीबी (पायडलच्या एक्सलचं बेअरिंग) सगळंच बदलावं लागेल म्हणून सांगतात आणि आकडा ऐकून सायकल जिन्याखाली जाते. आमच्या अपार्टमेंटच्या जिन्याखाली अशा कितीतरी सायकली धूळ खात उभ्या आहेत. त्यातल्या बहुतेकींचे टायरसुद्धा अजून चांगले आहेत.

मी साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालो. गव्हाणीत पडलेला ऊस मिलपर्यंत नेणारा कॅरिअर साखळीवर चालतो. ऐन गळीत हंगामात ती साखळी तुटली की मागे यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागते, ऊस वाळायला लागतो आणि शेतकऱ्यापासून चीफ इंजिनिअरपर्यंत सगळे फिटरच्या डोक्यावर येऊन उभे राहतात. अंदाजाने पाना चालवायची सवय तिथे कुणी लागूच दिली नाही. हंगाम संपला की ठरावीक कड्या मोजायच्या, तेवढ्या साखळीची लांबी घ्यायची, वहीत लिहायची, मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघायची आणि मगच काय बदलायचं ते ठरवायचं. सायकलची चेन ही त्याच साखळीची धाकटी बहीण. १८८० साली मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्ड यांनी बुश आणि रोलरच्या चेनचं पेटंट घेतलं. पिन, तिच्यावर बुश, बुशावर फिरणारा रोलर ही त्यातली मांडणी आजही साध्या सायकलच्या चेनमध्ये दिसते. म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे: सायकल वाजली तर आधी ऐका, मग मोजा, आणि त्यानंतरच खिशात हात घाला.

ऐकायचं म्हणजे काय ते सांगतो. मोकळ्या रस्त्यावर सायकल वेगात आणा आणि पायडल मारायचं थांबवा. आवाज थांबला, तर दोष पायडल, क्रँक (पायडलचा दांडा), बीबी, चेन यांच्यात कुठेतरी आहे. आवाज चालूच राहिला, तर चेनला हात लावायची गरज नाही. मडगार्डची तार, ब्रेकचा रबर, सैल झालेला स्पोक, कॅरेजचा नट असं काहीतरी असतं. पायडल थांबवल्यावर मागून येणारी बारीक टिकटिक मात्र दोष नव्हे. फ्रीव्हीलच्या आतल्या खिट्या, ज्यांना दुकानात कुत्रे म्हणतात, त्या दातांवरून सरकतात तेव्हा तो आवाज होतोच.

आता सीटवरून उठून, उभं राहून पायडल मारा. आवाज बंद झाला, तर तो सीटचा किंवा सीटखालच्या नळीचा आहे. हे खोटं वाटेल, पण बीबी बदलूनही न गेलेली कुरकुर सीटची नळी बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून पुन्हा बसवल्यावर गेलेली मी पाहिली आहे. फ्रेमच्या नळ्यांतून आवाज प्रवास करतो आणि बसणाऱ्याला तो पायाखालीच वाटतो. कानाला जागा नीट कळत नाही. कानाला ताल कळतो, म्हणून ताल मोजायचा.

पायडलच्या प्रत्येक फेरीला बरोबर एकदा आवाज येत असेल, तर पायडल, क्रँक किंवा पुढचं दातेरी चाक तपासायचं. साध्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दात असले, तर पायडलच्या एका फेरीत मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. तेव्हा एका फेरीत दोन-अडीचदा आवाज आला तर तो मागच्या चाकाचा. उलट, पायडलच्या सव्वादोन-अडीच फेऱ्यांनंतर एकदाच टक्‌ होत असेल, तर तो चेनचा, कारण अख्खी चेन एकदा फिरून यायला तेवढ्या फेऱ्या लागतात. चेनमधली एखादी कडी आखडलेली असते. सायकल स्टँडवर लावून पायडल हळूहळू उलटं फिरवलं, तर मागे फ्रीव्हीलवरून सुटताना ती कडी उडी मारते आणि लगेच दिसते. तिच्यावर तेलाचा थेंब सोडायचा आणि दोन्ही अंगठ्यांनी चेन आडवी, डावीकडे-उजवीकडे, जराशी वाकवायची. कडी मोकळी होते. चेन बदलावी लागत नाही.

आमच्या ओळखीची एक मुलगी दहावीत आहे. मळ्यातून रोज सायकलने शाळेत जाते. तिच्या सायकलला पायडलच्या प्रत्येक फेरीला टक्‌ असा आवाज यायचा. एका दुकानात वडिलांना सांगितलं की बीबी गेली, चेन गेली, फ्रीव्हीलपण गेली, सगळं एकदमच बदला. घरात त्याच आठवड्यात खताचे पैसे भरायचे होते. वडील सायकल माझ्याकडे घेऊन आले. मी त्या मुलीला अंगणात फक्त उजव्या पायाने पायडल मारायला लावलं. आवाज नाही. फक्त डाव्या पायाने मारायला लावलं. टक्‌. मग दोन्ही क्रँक जमिनीला समांतर ठेवून दोन्ही पायडलांवर एकदम हाताने दाब दिला, अर्धी फेरी फिरवून पुन्हा दाब दिला. डावा क्रँक एक्सलवर केसभर हलला. कॉटर, म्हणजे क्रँक एक्सलवर पक्का धरणारी खीळ, सैल होती.

नट काढला, कॉटरच्या टोकावर लाकडाचा ठोकळा धरून ती बाहेर ठोकली. कॉटरची एक बाजू तासून सपाट केलेली असते, ती एक्सलच्या खाचेवर पाचरीसारखी बसते. या कॉटरच्या सपाट बाजूवर मधोमध एक पायरी पडली होती, नखाला लागेल इतकी. म्हणजे सैल असतानाच ती कित्येक दिवस चालवली गेली होती. नवी कॉटर दोन-तीन कप चहाच्या पैशात येते. तिच्यावर कानस हलकी फिरवून ती नीट बसते का पाहिलं, क्रँकच्या खाली लोखंडी पाईपचा तुकडा टेकू म्हणून उभा धरला, कॉटर हातोडीने आत बसवली आणि मग नट आवळला. हा टेकू महत्त्वाचा. तो दिला नाही तर प्रत्येक घाव बीबीच्या छऱ्यांवर आणि कपावर बसतो आणि दुरुस्ती करता करता नवा आवाज तयार होतो. नुसता नट आवळून कॉटर ओढून घ्यायला गेलं तर आटे जातात. दोन्ही बाजूंच्या कॉटर एकमेकींच्या उलट दिशेने बसवायच्या, नाहीतर क्रँक एका रेषेत राहत नाहीत. दोन दिवस चालवून झाल्यावर पुन्हा एकदा आवळायला मी तिला बोलावलं, कारण नवी कॉटर थोडी बसतेच. आवाज गेला. चेन, फ्रीव्हील आणि बीबी अजून जुनीच आहे आणि उत्तम चालते आहे.

त्या दुकानदाराने फसवलं असं मी म्हणत नाही. तो सायकल घेऊन अंगणात फिरला असता तर त्याची पंधरा मिनिटं गेली असती आणि त्या पंधरा मिनिटांचे पैसे त्याला कुणी दिले नसते. आपण पार्टचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. डॉक्टर तपासून ‘काही नाही, पाणी जास्त प्या’ म्हणाला तरी आपण फी ठेवून उठतो. सायकलवाल्याने ऐकून, हलवून पाहून एक नट आवळला की मात्र ‘एवढ्याचे कसले पैसे’ म्हणतो. मग तो पार्ट विकणारच. तपासणीचे वेगळे पैसे घ्यायची पद्धत सायकलच्या दुकानात सुरू झाली पाहिजे, आणि गिऱ्हाइकाने ते कुरकुर न करता द्यायला पाहिजेत. बोर्डावर पंक्चरचा दर असतो, तसा ‘आवाज तपासणे’ असाही दर असावा.

मोजण्याबद्दल. चेनच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच असतं. सायकल साधी असो की महागडी गिअरची, हे माप तेच. बारा इंची स्टीलची पट्टी घ्या. पायडलवर थोडा दाब देऊन वरची चेन ताणलेली ठेवा. पट्टीचं शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. नव्या चेनमध्ये बारा इंचाच्या रेघेवर बरोबर पंचविसाव्या पिनेचा मध्य येतो. चेन चालून झिजली की ती पिन रेघेच्या पुढे सरकते. लोखंड ताणलं जात नाही. पिना आणि बुश आतून झिजतात, प्रत्येक सांध्यात थोडी थोडी जागा होते आणि ती सगळी जागा मिळून लांबी वाढते. पिन अर्धा सूत पुढे गेली, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, की गिअरच्या सायकलची चेन बदलायची वेळ झाली. साध्या सायकलला थोडी सवलत आहे. एक सूत पुढे गेली तर चेन संपली, आणि बहुधा तिने फ्रीव्हीलचे दातही खाल्ले. अशा झिजलेल्या दातांवर नवी चेन टाकली तर उभं राहून पायडल मारताना ती सटकन घसरते आणि गुडघा हँडलवर आपटतो. म्हणूनच चेन वेळेवर बदलणं स्वस्त पडतं. अर्ध्या सुताला चेन बदलली तर फ्रीव्हील वाचते.

पट्टी नसेल तर पुढच्या दातेरी चाकावरची चेन ऐन पुढच्या टोकाला चिमटीत धरून ओढून बघा. ती दातांपासून इतकी सुटली की अर्धा दात उघडा दिसतो, तर चेन झिजली आहे. पण पट्टीच बरी. पट्टीवर दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनाही एकच आकडा दिसतो, वाद राहत नाही.

पूर्ण चेनकव्हरच्या सायकलींबद्दल एक वेगळी गोष्ट. या सायकलींची निम्मी खडखड चेन कव्हरला आतून घासल्याने होते. स्टँडला पडून कव्हर दबलेलं असतं किंवा चेन सैल झालेली असते. चेनला वर-खाली अर्धा ते पाऊण इंच खेळ पाहिजे, आणि तो पायडल एकदा पूर्ण फिरवून, चेन जिथे सगळ्यात ताठ होते तिथे मोजायचा. सैल जागी मोजून चेन ओढली तर ताठ जागी ती करवादते आणि बीबीवर ताण येतो. चाक मागे ओढताना ते चिमट्यात सरळ राहिलं पाहिजे. चेन जोडायच्या लॉकची पत्ती कशी बसली आहे तेही तेव्हाच पाहून घ्यावं. पत्तीचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं. उलटी बसलेली पत्ती कव्हरला घासून निघून जाऊ शकते आणि भर चौकात चेन रस्त्यावर पडते.

गिअरच्या सायकलीवर मी फार लिहीत नाही, कारण तिचे मालक तसे जाणकार असतात. एखाद्याच गिअरला चेन चरचरत असेल तर आधी हे पाहावं की पुढचं मोठं आणि मागचंही मोठं, किंवा दोन्ही लहान, अशी जोडी तर लावलेली नाही. तशी चेन तिरकी धावते आणि वाजते. तसं नसेल तर केबलच्या टोकाचा गोल नट पाव-पाव फेरी फिरवून पाहावा. नव्या सायकलची केबल सुरुवातीच्या काही आठवड्यांत सैल पडतेच. आणि सायकल उजव्या बाजूला पडली असेल तर मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) जिथे अडकवलेला असतो तो हँगर वाकला आहे का, हे मागे उभं राहून बघावं. तो वाकलेला असताना नट कितीही फिरवला तरी उपयोग नाही.

आता तेल. चूं चूं असा चिमणीसारखा आवाज बहुधा कोरड्या चेनचा असतो आणि पहिल्या दोन पावसांनंतर तो गल्लीगल्लीत ऐकू येतो. त्याला तेलच औषध आहे. पण तेल पाहिजे पिन आणि रोलरच्या आत, आणि आपण ते ओततो वरून. वर राहिलेलं तेल रस्त्याची धूळ धरतं. आमच्याकडची काळी माती त्यात मिसळली की त्याचं घासायचं मलम होतं आणि चेन आतून कातली जाते. म्हणून आधी चेन जुन्या फडक्याने पुसायची. फारच चिकट असेल तर ब्रशने थोडं डिझेल लावून धुवायची आणि पूर्ण वाळू द्यायची. मग खालच्या चेनवर आतल्या बाजूने एकेका रोलरवर एकेक थेंब सोडत पायडल उलटं फिरवायचं. रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी बाहेरचं सगळं तेल फडक्याने पुसून काढायचं. बोट लावलं तर जेमतेम डाग पडला पाहिजे.

गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑइल चेनला घालू नका. त्यात काजळी आणि धातूची पूड असते. खोबरेल थंडीत गोठतं आणि नंतर चिकटतं. शिलाई मशीनचं तेल उन्हाळ्यात चालतं, पावसात ते धुऊन जातं, त्यामुळे वरचेवर घालावं लागतं. आणि डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा गंज सोडवायला चांगला, पण चेनचं वंगण म्हणून नुसता तोच मारला तर आहे ते तेलही सुटून जातं. याबद्दल लोक माझ्याशी वाद घालतात. त्यांनी दोन आठवड्यांनी चेन ऐकावी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला तेव्हा कितीतरी सायकली पाण्याखाली होत्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी त्या वरून धुतल्या, पुसल्या आणि चालवायला घेतल्या. गाळ बीबीत आणि हबमध्ये तसाच राहिला. दिवाळीपर्यंत त्या दळायला लागल्या आणि भंगारात गेल्या. खोलून छरे रॉकेलमध्ये धुऊन नवं ग्रीस भरलं असतं तर त्या आजही चालल्या असत्या. छरे आणि ग्रीस मिळून फार खर्च नव्हता. खोलायला हात नव्हते, ही खरी अडचण होती. पाण्यात बुडालेली सायकल चालवण्याआधी खोलावी लागते, हे तेव्हा कुणीतरी छापायला पाहिजे होतं. यंदा तशी वेळ आलीच, तर आपण ते पहिल्याच दिवशी छापावं ही विनंती.

हे हात तयार व्हायला शाळेसारखी जागा नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. ती योजना चांगलीच आहे, तिच्यामुळे वाडीवस्तीवरच्या कितीतरी मुली शाळेत टिकल्या. पण सायकल मिळाल्याच्या दिवशी फोटो होतो आणि त्यानंतर तिच्याकडे कुणी पाहत नाही. सायकल वाजायला लागली की मुलीला मैत्रिणींसमोर ओशाळल्यासारखं होतं. चेन पडायला लागली की तिला रस्त्यात कुणाची तरी मदत मागावी लागते, आणि मग घरचेच म्हणतात, राहू दे सायकल. मुलीने स्वतःच चेन चढवली, कॉटर आवळली, पट्टी लावून माप सांगितलं, तर हे टळतं. विज्ञानाच्या तासाला गिअरचं प्रमाण फळ्यावर शिकवतात. तेच व्हरांड्यात एक सायकल उलटी करून, ४४ आणि १८ दात मोजून शिकवावं. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० साली आमच्याच भागात, कुंडलजवळच्या माळावर, किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. सायकल हाताळता हाताळता यंत्राची समज येते, हे आपल्या भागाला कुणी नव्याने सांगायला नको.

पावसाळा तोंडावर आहे. जून संपायच्या आत प्रत्येक माध्यमिक शाळेने सायकल लावायच्या जागेत एक तास घ्यावा: पायडल थांबवून ऐकणं, क्रँक हलवून बघणं, बारा इंची पट्टीने चेन मोजणं आणि एकेक थेंब तेल घालणं. एवढंच. प्रत्येक मुलीने आपल्या सायकलचं माप वहीत तारखेसह लिहावं आणि दिवाळीनंतर पुन्हा घ्यावं. सांगली आणि मिरजेच्या आसपासच्या ज्या शाळा तयार असतील त्यांनी आपल्या दैनिकाच्या कार्यालयात कळवावं. पट्ट्या, तेल, फडकी आणि कॉटर ठोकायचा पाईप घेऊन मी येतो. शाळेने फक्त तास द्यावा, आणि शक्य असेल तर गावातल्या सायकल दुकानदारालाही त्या तासाला बोलवावं.

आपला,
एक निवृत्त फिटर, सांगली